अधिमूल्य कसे काढावे?

समजा, एका कंपनीने कारखाना विकत घेतला. त्याची मालमत्ता ७,००,००० रुपये, देणी १,५०,००० रुपये. म्हणजे निव्वळ मालमत्ता ५,५०,००० रुपये. किंमत ठरली ६,००,००० रुपये. जादा ५०,००० रुपये हे कारखान्याच्या नावलौकिकाचे मोल. ते अधिमूल्य नव्हे!

रोख रकमेऐवजी कंपनीने १० रुपये दर्शनी मूल्याचे शेअर १५ रुपये दराने दिले. त्यांची संख्या ६,००,००० ÷ १५ = ४०,०००. चुकून १० ने भागले, तर ६०,००० शेअर जातील आणि जुन्या भागधारकांचा वाटा नाहक घटेल.

शेअरमागे अधिमूल्य ५ रुपये; एकूण ४०,००० × ५ = २,००,००० रुपये. उरलेले ४,००,००० रुपये भांडवल.

भारतात कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ५२ प्रमाणे अधिमूल्य वेगळ्या खात्यात ठेवतात. त्यातून लाभांश वाटता येत नाही.