नामांतर आणि यंत्राचे वय

नाव बदलले की वस्तूही बदलली, असा आपला सर्वसाधारण समज असतो. संगणकाच्या बाबतीत तो कितपत खरा आहे, हे मी प्रस्तुत लेखात एका उदाहरणावरून पाहणार आहे.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचा सारा कारभार पाहणारी मूळ आज्ञावली. अ‍ॅपल कंपनीने २००१ साली आणलेल्या अशा आज्ञावलीचे नाव ‘मॅक ओएस टेन’ होते. २०१२ साली त्यातील ‘मॅक’ गळाले आणि २०१६ साली ‘मॅकओएस’ असे नामांतर झाले. त्यामुळे आयओएस, वॉचओएस, टीव्हीओएस या भावंडांशी नाव जुळले. आवृत्तीचा क्रमांक मात्र १०.११ नंतर १०.१२ असा सरळच पुढे गेला. बारसे नवे, घराणे तेच!

खरा फरक यंत्रांच्या यादीत होता. १०.११ म्हणजे ‘एल कॅपिटन’ आणि १०.१२ म्हणजे ‘सिएरा’. दोहोंना मेमरी २ जीबी व मोकळी जागा ८.८ जीबी इतकीच लागे. तरीही २००८ सालच्या मॅकबुक प्रोवर एल कॅपिटन चाले, सिएरा चालत नसे. सिएरासाठी मॅकबुक व आयमॅक २००९ च्या अखेरचे, तर इतर मॅक २०१० चे किंवा नंतरचे असावे लागत.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. माझ्यासारख्यांच्या वाट्याला संगणक येतो तो बहुधा वापरलेला. विकणारा मेमरीचे आकडे सांगतो. आपण आधी यंत्राचे साल विचारावे आणि हवी ती आवृत्ती त्यावर चालते का, ते पाहावे. बाजारात बैल घेताना जाणता शेतकरी नुसती शिंगे पाहत नाही, दात पाहतो. तोच न्याय येथेही लावावा, असे मला वाटते.