इग्वाना आणि द्राक्षे

अमेरिकेतील फ्लॉरिडा प्रांताच्या आग्नेयेस, अटलांटिक महासागरात बहामा नावाचा द्वीपसमूह आहे. १४९२ साली भारताचा शोध करण्यास निघालेल्या कोलंबसाचे पाय नव्या जगाला प्रथम लागले, ते याच द्वीपसमूहातील एका बेटावर. त्यातील एक्झुमा या भागात शेकडो लहान लहान बेटे आहेत. बहुतेकांवर मनुष्यवस्ती नाही. आहेत ती खुरटी झुडपे, चुनखडीचे खडक आणि पांढरी शुभ्र वाळू.

यांतील काही बेटांवर खडकी इग्वाना हा मोठा सरडा राहतो. प्रथमदर्शनी तो आपल्याकडील घोरपडीसारखा वाटतो. पूर्ण वाढ झाल्यावर शेपटीसह त्याची लांबी सुमारे एक मीटर भरते. परंतु घोरपड मांसाहारी आहे, तर इग्वाना मुख्यतः पाने, फुले आणि फळे खाऊन राहतो. ही जात बहामाखेरीज जगात अन्यत्र कोठेही रानात आढळत नाही. पूर्वी लोक मांसासाठी तिची शिकार करीत. १९६८ साली बहामात वन्य प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा झाला आणि तिला अभय मिळाले.

पुढे मात्र निराळेच संकट आले, आणि तेही प्रेमाच्या रूपाने. राजधानी नासाऊ येथून प्रवाशांनी भरलेल्या यांत्रिक नौका या बेटांकडे येऊ लागल्या. नौकेची घरघर कानी पडते न पडते तोच झुडपांतून इग्वाना बाहेर येतात आणि किनाऱ्यावर गोळा होतात. बोटांना चावा बसू नये म्हणून प्रवासी लांब काडीच्या टोकाला द्राक्ष टोचून ते त्यांच्यापुढे धरतात. इग्वाना मान उंचावून ते मटकावतो. मुलांना हसू येते, छायाचित्रे निघतात. यात त्या प्राण्याचे काही वाईट होत असेल, अशी शंकाही कोणाच्या मनाला शिवत नाही.

शंका आली ती शास्त्रज्ञांना. शिकागो येथील शेड मत्स्यालयाचे चार्ल्स नॅप आणि त्यांचे सहकारी यांनी प्रवाशांची ये-जा असलेल्या व नसलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या बेटांवरील इग्वाना पकडून तपासले व सोडून दिले. बाहेरून पाहता दोहोंच्या अंगलटीत विशेष फरक नव्हता. मग त्यांनी रक्त तपासले. तेव्हा कितीतरी घटकांचे प्रमाण भिन्न असल्याचे दिसून आले, साखरेचेही. प्रवाशांच्या बेटांवरील इग्वानांची विष्ठा पातळ होती आणि तपासलेल्या प्रत्येकाच्या पोटात परोपजीवी जंतू होते. हे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले.

असे का व्हावे? चिवट पाने पचविणे हे सोपे काम नव्हे. इग्वानाच्या मोठ्या आतड्यात असंख्य सूक्ष्म जीव असतात. ते पानांचा चोथा सावकाश कुजवितात आणि त्यातून पोषक द्रव्ये निर्माण होतात. ही सारी व्यवस्था संथपणे चालणारी. द्राक्षात पाणी आणि साखर भरपूर, चोथा मात्र फारच थोडा.

साखरेचा हा धागा धरून सुझॅना फ्रेंच आणि इतर शास्त्रज्ञांनी पुढे प्रयोग केले. त्यांनी निरनिराळ्या बेटांवरील इग्वानांना मोजकी साखर पाजली आणि त्यांच्या रक्तातील साखर पुन्हा पुन्हा मोजली. प्रवाशांचा राबता असलेल्या बेटांवरील इग्वानांच्या रक्तात ती अधिक चढली, आणि उतरण्यास वेळही अधिक लागला. हे संशोधन २०२२ साली प्रसिद्ध झाले. याला मधुमेह म्हणावे काय? शास्त्रज्ञांनी तसे म्हटलेले नाही. मनुष्याच्या रोगाचे नाव सरड्याला चिकटविण्यापूर्वी पुष्कळ गोष्टी तपासाव्या लागतात, आणि त्यांनी ती घाई केली नाही हे उचितच झाले.

मग प्रवाशांना मज्जाव करावा, असे कोणी म्हणेल. पण गोष्ट तितकी सरळ नाही. या प्रवाशांवर नावाड्यांचा चरितार्थ चालतो. आणि ज्या प्राण्याला पाहण्यासाठी लोक दुरून येतात, त्याच्या रक्षणाची आस्थाही वाढते. म्हणून द्राक्षांऐवजी इग्वानांना मानवतील अशा खाद्याच्या गोळ्या द्याव्यात, असे नॅप यांच्या गटाने सुचविले.

द्राक्षांचा खरा परिणाम कळण्यास अवधी लागणार आहे, कारण हा प्राणी दीर्घायुषी आहे. जॉन आयव्हरसन या शास्त्रज्ञाने १९८० सालापासून पुढील अनेक वर्षे याच बेटांवर जाऊन इग्वानांवर खुणा केल्या आणि त्यांच्या वाढीची नोंद ठेवली. यांतील काही इग्वाना चाळीस वर्षांहूनही अधिक जगतात. काडीवरचे पहिले द्राक्ष आज चाखणारे पिल्लू म्हातारे होईल, तेव्हा आज शाळेत शिकणारी मुले पन्नाशीला पोहोचलेली असतील.