शुश्रूषागृहाची पारख कशी करावी?

महोत्सवाच्या या स्मरणिकेत गतकाळच्या आठवणी पुष्कळ येतील, आणि त्या यावयासच हव्यात. परंतु संस्थेचे वय वाढते तसे सभासदांचेही वाढते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्यप्रदेश राज्य झाले, भोपाळ राजधानी ठरली, आणि नागपुराहून सरकारी कचेऱ्यांबरोबर अनेक मराठी कुटुंबे या तलावांच्या शहरी आली. त्या वेळच्या तरुणांपैकी जे आज हयात आहेत त्यांनी नव्वदी गाठली आहे. त्यांची मुले सत्तरीच्या घरात आहेत आणि नातवंडे पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशी. सत्तरीच्या मुलाने नव्वदीच्या आईला उचलून न्हाणीघरात न्यावे, ही परिस्थिती आज आपल्या अनेक घरांत आहे. म्हणून शुश्रूषागृहाचा विचार करावा लागतो. तो करण्यात लाज नाही. न पाहता, न तपासता करण्यात मात्र धोका आहे.

हे आम्ही अनुभवाने लिहितो. आमच्या मावशीला मांडीचे हाड मोडल्यानंतर एका गृहात ठेवावे लागले. आम्ही दर रविवारी चार वाजता जात असू. चादर पांढरीशुभ्र, केस विंचरलेले, खोलीत उदबत्तीचा वास. व्यवस्थापक आदराने चहा विचारीत. आम्ही समाधानाने परत येत असू. दोन महिन्यांनी ताप आला म्हणून तिला इस्पितळात हलविले, आणि तेथील परिचारिकेने तिला कुशीवर वळविले तेव्हा कमरेखाली तळहाताएवढी जखम दिसली. आठ रविवार आम्ही चादर पाहिली. मावशीची पाठ एकदाही पाहिली नाही. मावशी बोलली नाही, कारण आम्हांस वाईट वाटेल असे तिला वाटले. आम्ही विचारले नाही, कारण तिला तेथे ठेवल्याचा संकोच आमच्या मनात होता. हा संकोचच निष्काळजीपणाला सर्वांत मोठे पांघरूण घालतो, हे आम्हांस तेव्हा कळले.

कायदा काय देतो

२०११ च्या जनगणनेत देशातील साठ वर्षांवरील लोकांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख भरली. त्यांच्यासाठी २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या पालनपोषणाचा कायदा झाला. त्याच्या १९ व्या कलमान्वये राज्य शासनास प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, आणि किमान १५० निराधार वृद्ध राहू शकतील असा आश्रम स्थापता येतो; तेथील सोयी व दर्जा यांसंबंधी योजनाही शासनच ठरवू शकते. खासगी गृहांची नोंदणी व किमान दर्जा यांच्या तरतुदी असलेले दुरुस्ती विधेयक २०१९ साली लोकसभेत मांडले गेले, परंतु त्याचा कायदा झाला नाही. तात्पर्य, फी घेऊन चालणाऱ्या गृहाचा दर्जा कोणीतरी तपासलाच असेल, असे गृहीत धरून चालणार नाही. पारख कुटुंबानेच करावयाची आहे.

पारखीच्या तीन पायऱ्या

१९६६ साली आवेदिस दोनाबेदियन या वैद्यकाने वैद्यकीय सेवेचा दर्जा तीन अंगांनी पाहावा असे मांडले: साधने, कृती आणि परिणाम. इमारत, खाटा, माणसे ही साधने. त्या साधनांनी प्रत्यक्ष काय केले जाते ती कृती. आणि त्यामुळे रुग्णाचे काय झाले तो परिणाम. स्वयंपाकघराचे उदाहरण घ्यावे. भांडी चकचकीत आहेत, हे साधन. डाळ वेळेवर शिजली, ही कृती. जेवणाऱ्याचे पोट भरले, हा परिणाम. आपण बहुधा भांडी पाहून परत येतो. रविवारची आमची चूक नेमकी हीच होती.

परिणाम कोठे पाहावा

पहिली जागा त्वचा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावर, नितंबांच्या बाजूस, टाचांवर, कोपरांवर आणि डोक्याच्या मागील भागी दाब पडून शय्याव्रण होतात. गोऱ्या त्वचेवर प्रथम लाली दिसते, व बोटाने दाबून सोडले तरी ती फिकट होत नाही. आपल्याकडील सावळ्या त्वचेवर लाली नजरेस येतेच असे नाही. म्हणून हात लावून ती जागा भोवतालापेक्षा गरम, कठीण किंवा दुखरी आहे काय, हे पाहावे. कूस बदलण्यास सामान्यतः दोन तासांचा नियम सांगतात. ज्याला स्वतः हलता येत नाही अशा माणसाची कूस बदलल्याची वही असावी, आणि तिच्यातील सर्व नोंदी एकाच शाईने, एकाच बैठकीत भरलेल्या दिसू नयेत.

दुसरी जागा वजनकाटा. महिन्यात शंभराला पाच किंवा सहा महिन्यांत शंभराला दहा या प्रमाणात वजन घटणे ही धोक्याची सूचना समजतात. पन्नास किलोच्या माणसाचे हे अनुक्रमे अडीच आणि पाच किलो झाले. घट दिसली तर कारण विचारावे: दाताची कवळी बसत नाही, गिळताना ठसका लागतो, की ताट समोर ठेवून भरविणारे कोणी नाही? भरलेले ताट नेऊन ठेवणे आणि जेवू घालणे यांत फार अंतर आहे. भोपाळच्या मे महिन्यात पाण्याचेही असेच होते. म्हाताऱ्या माणसास तहान कमी लागते, आणि लघवीला नेण्यास कोणी येत नाही म्हणून पुष्कळजण मुद्दाम पाणी पीत नाहीत. तांब्या हाताच्या टप्प्यात आहे काय, आणि संध्याकाळी तो रिकामा झालेला असतो काय, एवढे पाहिले तरी बरेच कळते.

तिसरी जागा स्वावलंबन. १९६३ साली सिडनी कॅट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा साध्या गोष्टींची कसोटी प्रसिद्ध केली: आंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, खाटेवरून उठणे, मलमूत्रावर ताबा आणि हाताने जेवणे. गृहात प्रवेश घेण्याच्या दिवशी या सहांची नोंद करावी, आणि तीन महिन्यांनी पुन्हा करावी. घट झाली म्हणजे गृहाचा दोषच असे नव्हे. वय आणि रोग आपले काम करीतच असतात. परंतु चालत आलेली व्यक्ती विनाकारण खाटेवर आली, तर प्रश्न विचारलाच पाहिजे. वेळ वाचावा म्हणून धरून शौचास नेण्याऐवजी लंगोट बांधला जातो, भटकू नये म्हणून खाटेस बांधले जाते, किंवा झोपेची गोळी दिली जाते. अमेरिकेत १९८७ सालच्या कायद्याने केवळ कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी असे बांधणे किंवा औषधाने सुस्त करणे निषिद्ध ठरले. आपल्याकडे निदान प्रश्न विचारण्याचा हक्क तरी बजावावा: ही गोळी कोणी लिहून दिली, कधीपासून, आणि कशासाठी?

कृती कधी पाहावी

रविवारी चार वाजता सर्व गृहे चांगली असतात. म्हणून एकदा सकाळी सातला जावे, एकदा जेवणाच्या वेळी आणि एकदा रात्री नऊनंतर. घंटी वाजली तर किती वेळाने कोणी येते, हे घड्याळ लावून पाहावे. रात्री किती माणसे कामावर असतात व त्यांच्याकडे किती खाटा आहेत, हे विचारावे; उत्तर व्यवस्थापकाकडून घ्यावे आणि मग आयाबाईंकडूनही घ्यावे. शौचालय वापरून पाहावे. दार ठोठावल्याशिवाय कर्मचारी आत येतात काय, कपडे बदलताना पडदा ओढतात काय, रुग्णास नावाने हाक मारतात की खाटेच्या क्रमांकाने, हे सर्व न विचारता दिसते.

भोपाळच्या दोन खास गोष्टी

एक भाषेची. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची नंतर शिकलेली भाषा पुष्कळदा आधी निसटते आणि मायबोली राहते. जन्मभर कचेरीत उत्तम हिंदी बोललेले गृहस्थ शेवटी मराठीतच "तहान लागली" म्हणतात, आणि बिचाऱ्या आयाबाईंना ते कळत नाही. यात कोणाचाच दोष नाही. उपाय सोपा आहे: पाणी, दुखते, थंडी वाजते, शौचास जायचे आहे, अशा वीस शब्दांचा तक्ता देवनागरीत, मराठी शब्द आणि समोर हिंदी अर्थ, असा खाटेजवळ लावावा.

दुसरी १९८४ च्या डिसेंबरची. २ व ३ तारखेच्या रात्री विषारी वायूने ग्रासलेले अनेकजण आता वृद्ध झाले आहेत, आणि त्यांतील पुष्कळांस दमा व फुप्फुसांचे विकार आहेत. अशा व्यक्तीच्या गृहात प्राणवायूची सोय, धुरापासून दूर खोली, आणि गॅसपीडित म्हणून मिळालेले उपचाराचे कागद हाताशी असणे अगत्याचे आहे. २००० सालापासून चालू असलेले भोपाळ मेमोरियल इस्पितळ मुळात याच लोकांसाठी उभारले गेले. शिवाय ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येक नागरिकास, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतच्या इस्पितळखर्चाचे संरक्षण खुले झाले आहे. ते कार्ड काढलेले आहे काय, हे प्रवेशाच्या दिवशीच पाहावे.

न्यायबुद्धी हवी

एवढे सारे सांगितल्यावर एक गोष्ट न सांगणे अन्यायाचे होईल. जी आयाबाई रात्री तीन वाजता परक्या माणसाची घाण स्वच्छ करते, ती आपण करू शकलो नाही तेच काम करीत असते. तिच्यावर पंचवीस खाटा टाकल्या तर दोन तासांनी कूस बदलणे तिला अशक्य आहे. तो तिचा अपराध नव्हे, व्यवस्थेचा आहे. म्हणून तपासणी करताना बोट माणसाकडे न दाखविता कामाच्या वाटणीकडे दाखवावे. चांगले दिसले तर तेही बोलून दाखवावे, आणि वहीत लिहावे. तक्रार ऐकून घेणारे आणि त्यावर आठ दिवसांत काही करणारे गृह, कधीच तक्रार नाही असे सांगणाऱ्या गृहापेक्षा अधिक विश्वासाचे समजावे.

आपल्या न्यासाने काय करावे

आमची सूचना लहानशी आहे. न्यासातील कुटुंबांचे वडीलधारे ज्या ज्या गृहांत आहेत, तेथे दोन सभासदांनी महिन्यातून एकदा, ठरावीक वार न धरता, जावे. एक जण शक्यतो परिचारिका किंवा डॉक्टर असावा. रुग्णाची संमती घेऊन पाठ आणि टाचा पाहाव्यात, वजन लिहावे, सहा गोष्टींची कसोटी भरावी, आणि अर्धा तास मराठीत गप्पा माराव्यात. ज्यांची मुले दूरदेशी आहेत त्यांना ती नोंद पाठवावी. छळ किंवा हेळसांड दिसली तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा सरकारी दूरध्वनी क्रमांक आहे. तेथे कळविण्यास कचरू नये.

यास पैसा फारसा लागत नाही, माणसे लागतात. आणि आपल्या न्यासापाशी माणसे आहेत. आमची मावशी पुढे घरी आली. ती जखम भरून येण्यास पाच महिने लागले, आणि त्या काळात कूस बदलण्यास आम्ही तीन कुटुंबे पाळीपाळीने उठत होतो. ते काम किती कठीण आहे हे तेव्हा कळले. आणि वेळेवर पाठ पाहिली असती तर ते किती सोपे झाले असते, हेही कळले. वाचकांनी पुढच्या भेटीच्या वेळी फळांची पिशवी अवश्य न्यावी. परंतु चादर बाजूस सारून, आपल्या माणसाच्या टाचेला एकदा हात लावूनच परतावे, एवढीच आमची विनंती आहे.