अकिलीसवर जीव जडला असेल, तर

अगं, 'इलियड' अभ्यासाला लागलंय म्हणून तोंड पाडून बसायचं काही कारण नाही. आणि अकिलीसवर तुझा जीव जडलाय, तेही माझ्या लक्षात आलंय. २००४ सालचा तो 'ट्रॉय' सिनेमा बघून जडला असेल, तर त्यातलं निम्मं श्रेय ब्रॅड पिटचं. उरलेल्या निम्म्याबद्दल मात्र तुझ्याशी बोलायचंय. आईसमोर नको, उगाच तिला वाटायचं कॉलेजातला कुणी मुलगा आहे.

होमरने हा गडी रचलाच असा, की डोळ्यांत भरावा. देखणा, बेधडक, कुणापुढे न वाकणारा. पण तो करतो काय, ते बघ. ट्रॉयच्या वेढ्यात ग्रीकांचा सेनापती आगामेम्नोन याने त्याच्या वाट्याला आलेली बंदी ब्रिसेइस हिसकावून नेली, म्हणून हा तंबूत रुसून बसतो आणि आईकरवी देवाला साकडं घालतो, की आपल्याच बाजूचे लोक मरू देत, म्हणजे माझी किंमत कळेल. त्या ब्रिसेइसला कुणी विचारलंय? तिचा नवरा आणि तीन भाऊ लढाईत मारले गेले, तेही याच अकिलीसच्या स्वारीत. एकोणिसाव्या सर्गात ती स्वतःच हे सांगते. प्राध्यापक तिच्यावरून झरकन पुढे जातील, तू थांब.

तुला वाटेल, हे सगळं दूरदेशीचं, आपल्या भुईगावाला त्याचं काय? आपल्या शेजारचं सोपारा बंदर ग्रीक खलाशांना ठाऊक होतं, हे तू शाळेत शिकली असशील. पण एक गोष्ट खास आपल्या गावची आहे. १८८२ मध्ये पुरातत्त्व संशोधक भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, आणि नवव्या लेखाचा तुकडा १९५६ मध्ये मिळाला तो भुईगावात. त्या नवव्या लेखात सम्राट म्हणतो, की आजारपण, लग्न, बाळंतपण आलं की बायका नाना फालतू विधी करत बसतात. खरं मंगल म्हणजे नोकराचाकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान राखणं. (बायकांना बोल लावायची संधी सम्राटानेही सोडली नाही!)

हे लेख चौदांच्या मालिकेतले. त्याच मालिकेतला तेरावा काढून वाच. त्यात पाच यवन, म्हणजे ग्रीक, राजांची नावं आहेत: अंतियोक, तुरमाय, अंतिकिनी, मग आणि अलिकसुंदर. यातला तुरमाय म्हणजे इजिप्तचा टॉलेमी, अंतियोक म्हणजे सिरियाचा अँटिओकस. ही राज्यं कुणाची? अलेक्झांडर गेल्यावर त्याच्या सेनापतींनी आपसांत वाटून घेतलेली. आणि तो अलेक्झांडर म्हणजे तुझ्यासारखाच अकिलीसचा वेडा. आईच्या बाजूने आपण अकिलीसच्या वंशातले, असं तो मानायचा. प्लुटार्क सांगतो, की गुरू ॲरिस्टॉटलने तपासून दिलेली 'इलियड'ची प्रत तो उशाशी खंजिरासोबत ठेवून झोपे.

आता पुढचं ऐक. ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याला मारल्यावर अकिलीस त्याचं प्रेत रथामागे बांधून फरफटवतो. कर्टियस हा रोमन इतिहासकार लिहितो, की गाझा जिंकल्यावर अलेक्झांडरने तिथल्या किल्लेदाराचे, बॅटिसचे, पाय रथाला बांधून त्याला शहराभोवती फरफटवलं, तेही तो जिवंत असताना, आणि आपण अकिलीससारखं केलं म्हणून मिरवला. एवढ्या मोठ्या पुस्तकातून याने उचललं काय, तर हे.

आणि त्याच तेराव्या लेखात आपला अशोक काय लिहितो? कलिंगात एक लाख मारले गेले, दीड लाख देशोधडीला लागले आणि मला त्याचा पश्चात्ताप होतोय. तो हरलेला नव्हता गं, जिंकलेला होता. जिंकलेल्या माणसाला रडू येतं हे होमरलाही ठाऊक होतं, त्याने शेवटचा सर्ग त्यासाठीच ठेवलाय. हेक्टरचा म्हातारा बाप, राजा प्रियाम, रात्री अकिलीसच्या तंबूत जातो आणि ज्या हातांनी आपली मुलं मारली त्याच हातांचं चुंबन घेतो. मग दोघं रडतात. प्रियाम हेक्टरसाठी, अकिलीस कधी आपल्या बापासाठी, कधी लढाईत मेलेल्या मित्रासाठी, पॅट्रोक्लससाठी. अकिलीस मला आवडतो तो इथे, आणि फक्त इथे. अलेक्झांडरने ही पानं वाचली नसतील असं नाही, पण त्याच्या हाताला ती लागली नाहीत एवढं खरं.

म्हणून माझं ऐक, पहिल्या सर्गापासून सुरुवात करू नकोस. दुसऱ्या सर्गातली जहाजांची यादी लागली की तू पुस्तक मिटशील. सहावा सर्ग काढ. हेक्टर लढाईतून घडीभर शहरात आलाय. बायको अँड्रोमाखी वेशीपाशी भेटते, तान्हा मुलगा दाईच्या कडेवर. हेक्टर हात पुढे करतो, पण बापाच्या शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा हलणारा तुरा बघून पोर भेदरतं आणि दाईच्या कुशीत तोंड लपवून रडायला लागतं. आईबाप दोघं हसतात. हेक्टर ते शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो, मग पोराला उचलून घेतो. एवढं साधं. उद्या हेक्टर मरणार हे तिला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे. घरी परत पाठवताना तो तिला विणकामाकडे बघायला सांगतो, ते मला खटकतं. पण त्याआधी तो बोलून जातो, की ट्रॉयचं काय होईल, आईबापाचं काय होईल याच्यापेक्षा तुला गुलाम करून नेतील या विचाराने माझा जीव जास्त तुटतो. जीव जडवायचाच तर असा माणूस बघ, बाय.

अकिलीसचं म्हणशील, तर त्याला स्वतःलाही शेवटी उमगतं. होमरच्याच 'ओडिसी'च्या अकराव्या सर्गात तो मृतांच्या लोकात आपल्या जुन्या साथीदाराला, ओडिसियसला, भेटतो. ओडिसियस म्हणतो, तू तर इथेही राजा आहेस. त्यावर हा म्हणतो, मेलेल्यांवर राज्य करण्यापेक्षा एखाद्या गरीब शेतकऱ्याच्या शेतात मजुरी केलेली परवडली. अमर कीर्तीसाठी जीव दिलेला माणूस बोलतोय हे!

आणि मोठ्याने वाच. मनात वाचलंस तर तीच तीच विशेषणं कंटाळा आणतील. अकिलीस प्रत्येक वेळी चपळ पायांचाच, पहाट प्रत्येक वेळी गुलाबी बोटांचीच. ती गाणाऱ्याच्या सोयीची आहेत, ओळ मात्रेत बसावी आणि पुढचं आठवायला उसंत मिळावी म्हणून. मिल्मन पॅरी या अभ्यासकाने १९३० च्या दशकात युगोस्लाव्हियातल्या गवयांची गाणी ध्वनिमुद्रित करून ते दाखवून दिलं. आपल्या पोवाडा गाणाऱ्या शाहिराला हे कुणी समजावून सांगायची गरज नाही. फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' ओव्यांत आहे तेही गाऊन दाखवायलाच. इंग्रजी भाषांतर घ्यायचं तर एमिली विल्सनचं घे. 'ओडिसी' २०१७ चं, 'इलियड' २०२३ चं. भाषा सोपी आहे आणि दासीला ती दासीच म्हणते.

परीक्षेसाठी एक लक्षात ठेव. लाकडी घोडा 'इलियड'मध्ये नाही, तो 'ओडिसी'त येतो. अकिलीसच्या टाचेला लागलेला बाणही 'इलियड'मध्ये नाही, त्याचं मरणच त्यात नाही. पुस्तकाची पहिली ओळ अकिलीसच्या रागाची असली, तरी शेवट होतो तो हेक्टरच्या अंत्यविधीवर.