दोन मातांच्या घरातील मूल

स्मरणिकेसाठी बालसंगोपनावर चार शब्द लिहावेत, अशी संस्थेच्या चालकांची आज्ञा झाली. आहार, अभ्यास, शिस्त यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. म्हणून ज्याविषयी घरी बोलणे टाळले जाते, पण शिक्षकाला टाळून चालत नाही, असा एक प्रश्न येथे घेतो. दोन स्त्रियांनी जोडप्याप्रमाणे संसार मांडला, तर त्या घरातील मुलाचे पुढे काय होते?

हा प्रश्न केवळ परदेशचा नव्हे. १९८७ साली आपल्याच मध्य प्रदेशात पोलीस दलातील दोन महिला शिपायांनी परस्परांशी विवाह केला व त्यांची नोकरी गेली. पुढे १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहास कायदेशीर मान्यता देण्याचे नाकारले. अविवाहित जोडप्याने मिळून मूल दत्तक घेऊ नये, हा नियम तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांना अवैध वाटला. विवाहित स्त्रीपुरुषच मुलास स्थैर्य देऊ शकतात, यास आधार नाही, असे त्यांचे मत पडले. परंतु तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने तो नियम कायम राहिला. एकट्या स्त्रीला दत्तक घेता येते. म्हणजे अशा घरातील दत्तक मूल कायद्याने दोघींपैकी एकीचेच.

आता संशोधन काय सांगते ते पाहू. ब्रिटनमध्ये सुझन गोलोम्बोक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली समलिंगी मातांची २७ घरे आणि एकट्या राहणाऱ्या इतर मातांची २७ घरे यांची तुलना केली. मुलांच्या भावनिक स्वास्थ्यात त्यांना अंतर आढळले नाही. अमेरिकेत नॅनेट गार्ट्रेल यांनी १९८६ साली आरंभ करून अशी ८४ कुटुंबे मुलांच्या जन्माआधीपासून अभ्यासास घेतली. सतराव्या वर्षी ७८ मुलांची पाहणी झाली. तिचा निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाला. अभ्यासात व लोकांत मिसळण्यात ही मुले मागे नव्हती, उलट किंचित पुढे होती. पंचविसाव्या वर्षीही त्यांच्या मानसिक आरोग्यात इतरांहून फरक दिसला नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. कुटुंबे थोडी, तीही आपखुशीने पुढे आलेली. परंतु २०२० साली नेदरलँड्समधील सरकारी नोंदींवरून झालेल्या अभ्यासात असा दोष नव्हता. जन्मापासून समलिंगी पालकांकडे वाढलेल्या २,९७१ मुलांची दहा लाखांहून अधिक इतर मुलांशी तुलना झाली व शालेय परीक्षांत ती सरस ठरली. या पालकांची सांपत्तिक स्थिती बरी होती, हे त्याचे एक कारण. तो भाग वजा करूनही ती मागे पडली नाहीत. २०१२ साली अमेरिकेत मार्क रेग्नेरस यांनी उलट निष्कर्ष मांडला होता खरा. पण त्यांच्या पाहणीतील बहुतेक मुले मोडलेल्या संसारांतील होती, दोन स्त्रियांच्या घरी पूर्ण बालपण घालवलेली फार थोडी.

मग या मुलांना त्रास नाहीच काय? आहे, पण तो घराबाहेरून येतो. गार्ट्रेल यांच्या अभ्यासात दहाव्या वर्षापर्यंत ४३ टक्के मुलांना आईवरून हिणवले गेले होते. अशा हेटाळणीचा मुलांच्या मनावर परिणाम होतो. मात्र ज्या शाळेत निरनिराळ्या कुटुंबांविषयी मोकळेपणाने शिकवले जाते, तेथे तो कमी होतो, असेही आढळले.

येथे मला माझी चूक आठवते. आई व मावशी यांनी वाढवलेल्या एका विद्यार्थ्याला मी भर वर्गात विचारले, "वडील का येत नाहीत?" वर्ग हसला. मुलाने मान खाली घातली व पुढे कित्येक दिवस त्याने हात वर केला नाही. त्याच्या घरी काहीच उणे नव्हते. उणे माझ्या प्रश्नात होते. तेव्हापासून मी "घरून कोण येईल?" एवढेच विचारतो.

विवाहाविषयी प्रत्येकाचे मत आपापल्या धर्माप्रमाणे व विवेकाप्रमाणे राहील. त्यात शिक्षकाने पडू नये. परंतु मूल आपले घर निवडून जन्मास येत नाही. मायेने जवळ घेणारे, वेळेवर जेवू घालणारे आणि आजारपणात उशाशी जागणारे माणूस त्याला हवे असते. घरी ते लाभलेल्या मुलाचे सुख शाळेच्या दारात हिरावले जाऊ नये, एवढे तरी आपल्या हाती आहे. इति.