कार्डाचं दार उघडण्याआधी

पोरा, दुकान आता तू बघतोस आणि कॅमेरेही तुझ्या पसंतीचे आहेत. मी रोलवर काम केलेला माणूस. गारगोटीतला फोटो दुसऱ्या दिवशीच्या पेपरात यावा म्हणून रोल पाकिटात घालायचा आणि सुटणाऱ्या एसटीच्या कंडक्टरच्या हातात द्यायचा, हे मी कितीतरी वर्षं केलं. कोल्हापूर इथून सुमारे 50 किलोमीटर. गाडी चुकली की फोटो शिळा. आता कॅमेराच फोटो पाठवतो, तरी ऐन वेळेला अडकतो. तो का अडकतो, हे तुझ्या शेजारी बसून गेली काही वर्षं मी बघतोय, म्हणून सांगतो.

वाय-फायची जोडणी मांडवात करायची नाही. आदल्या रात्री, दुकानात, दार लावून. कॅमेरा एकदा जोडलेलं नेटवर्क लक्षात ठेवतो. फोनच्या हॉटस्पॉटला इंग्रजी अक्षरांचं छोटं नाव दे, मध्ये जागा सोडू नकोस. कॅमेऱ्याच्या बटणांनी एकेक अक्षर वेचताना किती वेळ जातो ते तुला माहीत आहे. पासवर्ड लांब असू दे, पण टाइप करायला सोपा. आणि हॉटस्पॉट 2.4 गिगाहर्ट्‌झवर ठेव. बऱ्याच कॅमेऱ्यांना 5 गिगाहर्ट्‌झ दिसतच नाही. मग फोन समोर असून कॅमेरा ‘नेटवर्क सापडलं नाही’ म्हणतो आणि आपण कॅमेऱ्याला दोष देतो.

उलट, कॅमेऱ्यानं स्वतःचं वाय-फाय सोडलं आणि फोन त्याला जोडला, तर फोन विचारतो की इथं इंटरनेट नाही, जोडून राहू का? हो म्हण. नाही म्हटलंस की तो गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतो आणि फोटो अर्ध्यात तुटतो. कॅमेऱ्याचा आपोआप बंद होण्याचा वेळही तेवढ्यापुरता वाढव. काम झालं की विमान मोड लाव, बॅटरी वाचते.

पेपरवाल्यांना एफटीपीनं, म्हणजे थेट त्यांच्या सर्व्हरवर, पाठवायचं असेल तर त्यांच्याकडून सर्व्हरचा पत्ता, पोर्ट, नाव, पासवर्ड आणि फोल्डर कागदावर लिहून घे. साध्या एफटीपीचं पोर्ट 21, एसएफटीपीचं 22. पॅसिव्ह मोड चालू ठेव. मोबाइलच्या नेटवर्कवर बाहेरून आत येणारी जोडणी अडवली जाते. पॅसिव्हमध्ये दोन्ही जोडण्या कॅमेराच सुरू करतो, म्हणून वाट मोकळी मिळते. साध्या एफटीपीत पासवर्ड उघडा जातो, तेव्हा त्यांच्याकडे सुरक्षित सोय असली तर तीच माग. आणि टेबलाचा, खुर्चीचा, कशाचाही एक फोटो पाठवून बघ. समोरून ‘मिळाला’ असं आल्याशिवाय बॅग भरू नकोस.

एवढ्या सेटिंगांनी गांगरलास तर आठव, आपल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला आणि 1920 साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. तुला तर तयार कॅमेरा फक्त चालवायचाय. तुझ्याकडं छापील पुस्तिकाही आहे. मेनूला घाबरू नकोस, एकेक पान उघडून बघ.

सगळेच फोटो हवेतून पाठवायचा मोह मात्र आवर. लग्नाच्या ऑर्डरला 2000 फोटो होतात. एक जेपेग 10 एमबीची धरली तर 20 जीबी झाले. वाय-फायनं सेकंदाला 4 एमबी गेले तरी सव्वा तासाच्या वर वेळ लागेल आणि कॅमेरा तापेल. चांगल्या कार्ड रीडरनं तेच काम चार-पाच मिनिटांचं. हवेतून फक्त निवडलेले दहा-वीस पाठव, लहान आकारात. फोनवर बघायला 2 मेगापिक्सेल पुरतात. रॉ फाइल कार्डावरच राहू दे.

पण अशाही जागा आहेत जिथं कार्डाचं दार उघडणंच चूक. आदमापूरला बाळूमामांच्या देवस्थानात, भंडाऱ्याच्या उत्सवात हवेत हळद तरंगत असते. ती स्लॉटमध्ये शिरली की पुन्हा निघणं अवघड. पाटगावकडं पावसाळ्यातही तसंच, दार उघडलं की ओल आत. तिथं वाय-फायच कामाला येतं. मात्र आदमापूरला अमावस्येच्या भाविकांच्या गर्दीत मोबाइलचं नेटवर्क कोलमडतं. म्हणून फोटो आधी कॅमेऱ्यातून आपल्या फोनमध्ये घे, त्याला इंटरनेट लागत नाही, आणि गर्दीतून बाहेर रस्त्याला आलास की पुढं पाठव.

आता नावांची गोष्ट, कारण यात मी स्वतः पोळलोय. एका लग्नाला आम्ही दोन सारखेच कॅमेरे नेले होते. दोन्हीतल्या फाइलींची नावं एकच, आकडेही जवळपास सारखे. रात्री दोन्ही कार्डं एकाच फोल्डरात ओतली. संगणकानं विचारलं, जुनी फाइल बदलू का, आणि झोपेच्या डोळ्यांनी मी हो म्हटलं. अक्षता पडतानाचे फोटो गेले. मुलीच्या वडिलांना काय सांगितलं ते आजही आठवतं. प्रत्येक कॅमेऱ्याला फाइलच्या नावाच्या सुरुवातीला वेगळी तीन अक्षरं दे. एफटीपीच्या सेटिंगात ‘त्याच नावाची फाइल बदला’ हा पर्याय असला तर बंद कर. फाइलींचे आकडे चालू क्रमानं राहू देत. 9999 नंतर ते पुन्हा 0001 वर येतात, तेवढं ध्यानात ठेव. दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं एका फोनवरून मिळव, नाहीतर वरात आधी आणि साखरपुडा नंतर दिसेल.

कार्डावरून फोटो ‘कॉपी’ कर, ‘कट’ कधीच नको. दोन वेगळ्या डिस्कवर पोचले, उघडून बघितले, मगच कार्ड फॉरमॅट कर, तेही संगणकात नको, कॅमेऱ्यातच.

तुझा जुना कॅमेरा विकायला काढलायस असं कळलं. कार्ड काढून घेतलं म्हणजे तो रिकामा झाला असं नाही. आपल्या दुकानाच्या वाय-फायचा आणि पेपरच्या सर्व्हरचा पासवर्ड अजून त्याच्या पोटात आहे. गिऱ्हाईक यायच्या आत मेनूत जाऊन नेटवर्कची सगळी सेटिंग पुसून टाक. आज रात्रीच बस.