स्थलांतरितांसाठीच्या योजना : पारख कशी करावी?



सोयाबीन घरात आले की वाशिम जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे कामासाठी बाहेर पडतात. कोणी ऊसतोडीला, कोणी वीटभट्टीवर, कोणी पुण्या-मुंबईच्या बांधकामावर. आपल्या किन्हीराजा परिसराला हे नवे नाही. या मजुरांसाठी सरकारचे कायदे आहेत, योजना आहेत. पण त्या खरोखर उपयोगी पडतात का, हे कसे ओळखावे?

झाडाची पारख फळांवरून करा, असे प्रभू येशूने शिकवले. पोप फ्रान्सिस यांनी 2018 च्या जागतिक स्थलांतरित व निर्वासित दिनाच्या संदेशात चार गोष्टी सांगितल्या : स्वागत, संरक्षण, विकास आणि सामावून घेणे. या चार फळांवरून आपण पारख करू या.

स्वागत : परगावी पोट भरते का? 'एक देश, एक रेशनकार्ड' ही सोय ऑगस्ट 2019 मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगण येथे सुरू झाली व 2022 पर्यंत देशभर पोहोचली. आपल्या वाट्याचे काही धान्य कामाच्या ठिकाणी घेता येते, उरलेले घरी राहिलेले आजी-आजोबा गावात घेऊ शकतात. हे चांगले फळ आहे. मात्र कार्ड आधारशी जोडलेले हवे.

संरक्षण : 1979 च्या कायद्याने परराज्यात मजूर नेणाऱ्या ठेकेदारावर परवान्याची व प्रवासभत्त्याची जबाबदारी टाकली. पण मुकादमाने बेळगावला नेलेला मजूर त्यात बसे, कोल्हापूरला नेलेला बसत नसे. कोयता तोच, कष्ट तेच! त्या कायद्याची जागा घेणाऱ्या 2020 च्या संहितेने स्वतःहून गेलेल्या मजुरालाही धरले, पण राज्याच्या सीमेची अट राहिलीच.

विकास : नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल घेतली की दोघांना जावेच लागते आणि लेकरांची शाळा सुटते. मुलांनी गावातच राहून शिकावे म्हणून हंगामी वसतिगृहे आहेत. पण ती कुटुंबे निघण्यापूर्वी सुरू झाली, तरच त्यांचा उपयोग. गाडी निघून गेल्यावर उघडलेले वसतिगृह कोणाच्या कामाचे?

सामावून घेणे : ऑगस्ट 2021 मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम पोर्टलवर 30 कोटींहून अधिक असंघटित कामगारांची नोंद झाली. नोंद हवीच, पण नोंद म्हणजे फळ नव्हे. फडावरच्या गरोदर बाईला जवळच्या आरोग्य केंद्रात तपासणी मिळाली का, मतदानाच्या दिवशी मजुराला गावी येता आले का, हे विचारले पाहिजे.

हे सारे मोजणे सरकारचेच काम आहे, असे नाही. कोण कुठे गेले आणि कोणाची मुले मागे राहिली, हे शेजाऱ्याला आधी कळते. इस्राएल लोकांना देवाने आठवण दिली होती की तुम्हीही एकदा परदेशी होता. आज आपल्या गावचा माणूस दुसऱ्याच्या शिवारात परका आहे, आणि दुसऱ्या गावचा माणूस आपल्या शिवारात.

चिंतनासाठी प्रश्न
1. आपल्या धर्मग्रामातून यंदा कोणती कुटुंबे बाहेर गेली? त्यांच्या मुलांची शाळा सुरू आहे का?
2. त्यांच्या रेशनकार्डाचे काम निघण्यापूर्वी पूर्ण व्हावे म्हणून आपण काय मदत करू शकतो?
3. कामासाठी आपल्या गावात आलेल्या कुटुंबाची आपण शेवटची विचारपूस कधी केली?